वसुली कंपन्यांचा ससेमिरा आणि कर्जदाराला मिळू शकणारा दिलासा

मुळाकाठ

नमस्कार. माझ्या आतेभावासाठी सल्ला हवा आहे, आणि त्या निमित्ताने या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी अशीही इच्छा आहे. तो चाकणच्या एका लहान कारखान्यात पर्यवेक्षक होता. कारखाना बंद पडला आणि नंतर मिळालेल्या नोकरीचा पगार आधीच्या जवळपास निम्मा आहे. त्याच्यावर एका बँकेच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे आणि मोबाइल ॲपवरून घेतलेले एक वैयक्तिक कर्ज आहे. दोन्ही कर्जे विनातारण आहेत. ॲपच्या कर्जाचे हप्ते तो ओढाताण करून भरतो आहे. कार्डाचे पैसे मात्र थकले आहेत.

कार्डाचे प्रकरण बँकेने आता एका वसुली कंपनीकडे सोपवले आहे. तिथली माणसे त्याच्या सासऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि नव्या कार्यालयातील वरिष्ठांना फोन करून कर्जाची वाच्यता करत आहेत आणि 'पोलीस घेऊन घरी येतो' अशी भाषा वापरत आहेत. त्यातच कर्जमुक्ती करून देण्याचा दावा करणारी एक सल्लागार कंपनी त्याच्या मागे लागली आहे. तिचे म्हणणे असे की सगळे हप्ते आजच थांबवा, आमचे शुल्क आगाऊ भरा, आम्ही निम्म्या रकमेत तडजोड करून देतो.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, असे माझेही मत आहे आणि त्याचेही. परंतु फेडण्याची इच्छा असलेल्या माणसाला चारचौघांत अपमानित करून नेमके काय साधते, हे मला समजत नाही. वसुली करणाऱ्यांना कायद्याने कुठपर्यंत जाता येते, या सल्लागार कंपनीच्या वाटेला जावे का, आणि अडचणीत आलेल्या साध्या पगारदाराला आपल्या देशात खरोखर काही दिलासा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

गोदातीर

सर्वांत आधी भावाला एवढे सांगा की येणारा प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित करावा आणि तारीख, वेळ, क्रमांक यांची नोंद वहीत ठेवावी. पुढची प्रत्येक तक्रार या नोंदीवरच उभी राहणार आहे.

कायदेवाचक

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

विनातारण कर्ज थकणे ही दिवाणी बाब आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. त्यामुळे 'पोलीस घेऊन येतो' ही धमकी निव्वळ पोकळ आहे. दावा लावून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, मिळवल्यानंतरही कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकायचे असेल, तर त्याच्याकडे ऐपत असून तो बेइमानीने पैसे देत नाही हे सिद्ध करावे लागते. १९८० सालच्या जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी हे अगदी स्पष्ट केले आहे: केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणे हे घटनेच्या २१व्या अनुच्छेदात बसत नाही. २००७ साली वाहनकर्जाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावले, की वसुली आणि वाहनजप्ती कायदेशीर मार्गानेच व्हायला हवी, गुंडांकरवी नव्हे.

रिझर्व्ह बँकेचे १२ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक तर प्रत्येक कर्जदाराने जवळ ठेवावे असे आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. शाब्दिक वा शारीरिक धाकदपटशा करायचा नाही, चारचौघांत मानहानी करायची नाही, नातेवाईक, मित्र आणि संदर्भासाठी दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगी आयुष्यात घुसायचे नाही. ओळख लपवून फोन करायचे नाहीत आणि खोटी माहिती द्यायची नाही. आणि हे सर्व मोडले गेले तर जबाबदारी बँकेची आहे. 'ती माणसे आमची नाहीत, एजन्सीची आहेत' असे म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. सासऱ्यांना आणि वरिष्ठांना गेलेले फोन या नियमांचा सरळ भंग आहेत.

आणखी एक मुद्दा सहसा कोणाला ठाऊक नसतो. २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रकरण एजन्सीकडे देताना बँकेने त्या एजन्सीचा तपशील कर्जदाराला कळवायचा असतो, आणि घरी येणाऱ्या माणसाजवळ ओळखपत्राबरोबर बँकेचे अधिकारपत्र असावे लागते. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना, ती उगाच केलेली नसेल तर, प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये असेही त्यात म्हटले आहे. म्हणून लेखी तक्रार लवकर करण्याला महत्त्व आहे.

ताराबाई_यवतमाळ

कायदेवाचक यांनी दिलेल्या वेळेबद्दल एक भर घालते. मी बचत गटांबरोबर काम करते. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी वेळ याहूनही कमी आहे: सकाळी ९ ते संध्याकाळी ६. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांत हे आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज त्यात येते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, ही अटही त्यातलीच. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हावी, आणि बाई तिथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जावे, असे नियम सांगतो.

आमच्याकडे गावांत काय घडते ते मात्र वेगळे आहे. पाच-सहा बायकांच्या गटात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांना तो भरेपर्यंत बसवून ठेवले जाते. संध्याकाळचा स्वयंपाक, लेकरे, सगळे तसेच राहते आणि त्या एकीवर राग निघतो तो शेजारणींचा. वसुली करणाऱ्याला मग तोंड उघडावेच लागत नाही. मला हा दबाव कोणत्याही शिवीपेक्षा अधिक क्रूर वाटतो, कारण त्यानंतर त्या बाईला गावात बोलायला माणूस उरत नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वेगळा कायदा केला. आपल्याकडेही त्याचा गंभीरपणे विचार व्हावा.

ठेवीदार_नगर

येथे सर्वांची सहानुभूती कर्जदाराकडे आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर काही वर्षे काम केले आहे. पतसंस्थेत येणारी ठेव निवृत्त शिक्षकाची असते, भाजी विकणाऱ्या बाईची असते. कर्जदाराने हप्ता थांबवला की मुलीच्या लग्नाला ठेव काढायला आलेल्या माणसासमोर उभे राहण्याची वेळ आमच्यावर येते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. ते हाल मुंबईकरांनी पाहिले आहेत. वसुलीच झाली नाही तर संस्था बुडते, आणि बुडणाऱ्या संस्थेच्या ठेवीदाराला मानवी हक्क नसतात का?

पतसंस्थांच्या बाबतीत तर केंद्राचे ठेव विम्याचे ५ लाखांचे संरक्षणही नाही, हे लक्षात घ्यावे.

मुळाकाठ

ठेवीदार_नगर, आपला मुद्दा मला मान्य आहे. वसुली होऊ नये असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझा आक्षेप पद्धतीवर आहे.

शब्दसंग

ठेवीदार_नगर यांच्या उदाहरणातच त्यांचे उत्तर आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. ती बँक बुडाली ती हजारो छोट्या कर्जदारांमुळे नव्हे; एकाच बांधकाम समूहाला दिलेले प्रचंड कर्ज लपवले गेले म्हणून बुडाली. त्या समूहाच्या शेजाऱ्यांना कोणी फोन केले नसतील. धाक दाखवला जातो तो विरोध करू न शकणाऱ्याला, आणि या पद्धतीमागे ठेवीदाराची काळजी आहे यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

कृष्णाकाठचा_प्रवासी

पतसंस्थेचा विषय निघाला म्हणून जामीनदारांच्या वतीने लिहितो. मी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन होतो. तो नोकरी सोडून निघून गेला आणि वसुलीची नोटीस माझ्या घरी आली. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नसतो.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली परिपत्रके आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल या दोहोंचा तेथे उपयोग नाही. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम १०१ चालते. सहकार खात्याचे निबंधक चौकशी करून वसुली दाखला देतात, आणि मग कलम १५६ खाली संस्थेचा विशेष वसुली अधिकारी जप्तीपर्यंतची कारवाई करू शकतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम १५४ नुसार मागणीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून कलम १०१ ची पहिली नोटीस आली की त्याच वेळी हजर राहून हिशोबावर हरकत घ्यावी. बहुतेक लोक ती नोटीस बाजूला ठेवतात आणि दाखला निघाल्यावर धावाधाव सुरू करतात. मी पहिल्या तारखेला गेलो, कर्जखात्याचा उतारा मागितला, आणि त्यात लावलेले दुबार दंडव्याज कमी झाले. उरलेली रक्कम मी हप्त्यांनी भरली.

ध्वनी_पुणे

मी वसुली कंपनीत फोनवर बसून काम केले आहे, म्हणून आतून हे कसे चालते ते लिहिते. ज्यांना हे फोन येतात त्यांना त्याचा उपयोग होईल.

थकबाकीच्या दिवसांप्रमाणे खात्यांचे 'बकेट', म्हणजे गट, पडतात. पहिल्या ३० दिवसांच्या बकेटमध्ये भाषा गोड असते, कारण बहुतेक लोक विसरलेले असतात आणि आठवण करून दिली की भरतात. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते, आणि त्यानंतर ते बाहेरच्या एजन्सीकडे जाण्याची शक्यता वाढते. एजन्सीचा मोबदला वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीवर असतो, आणि फोन करणाऱ्याचा पगार अगदी तुटपुंजा व बाकी सर्व प्रोत्साहन भत्ता. दिवसाअखेरीस किती जणांनी 'अमुक तारखेला भरतो' असे कबूल केले, आणि त्यातल्या किती जणांनी खरोखर भरले, यावर तुमची नोकरी टिकते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला येणारे फोन वाढतात ते याच कारणाने.

नियमाप्रमाणे वसुली प्रतिनिधीने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आमच्या खोलीत ते प्रमाणपत्र असलेली माणसे थोडीच होती. शिवीगाळ करा असे कोणी लेखी सांगत नसे. परंतु जो शिवीगाळ करून वसुली आणतो त्याचे नाव फळ्यावर सर्वांत वर लिहिले जात असे. मी ते काम सोडले. समोरचा माणूस रडू लागला की आवाज बंद करून पुढचा फोन लावायला सांगितले जायचे, आणि ते मला जमणारे नव्हते.

एक व्यावहारिक गोष्ट सांगते. जो कर्जदार शांतपणे 'आपले पूर्ण नाव, एजन्सीचे नाव आणि अधिकारपत्राची प्रत ईमेलवर पाठवा, पुढचे लेखी बोलू' असे म्हणतो, त्याच्या खात्यावर तशी नोंद होते आणि त्याच्याशी बोलताना सगळे जपून वागतात.

भीमथडी

ताई, आपण हे लिहिलेत ते फार मोलाचे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडे विषयांतर करतो. अगदीच विषयांतरही म्हणता येणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, आणि त्यांचा मुख्य रोख होता कर्जखतांवर. कागद ताब्यात घेऊन ते जाळले गेले, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता, सारा वाढवला गेला होता, आणि न्यायालये कागदावर जे लिहिले आहे तेवढेच पाहून हुकूमनामे देत होती.

त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन कृषक दिलासा कायदा आला. त्या कायद्यातली एक तरतूद मला आजही विलक्षण वाटते. न्यायालयाने केवळ कर्जखतावर विसंबून न राहता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, मूळ रक्कम किती, व्याज किती, हे वेगळे काढावे, असे त्यात सांगितले होते. शिवाय कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. आपल्याकडे दामदुपटीचा संकेतही जुनाच आहे: एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा त्याच परंपरेतला आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. बँका मात्र या कायद्याच्या बाहेर आहेत. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाणारे व्याज लागते आणि दामदुपट तेथे कामी येत नाही, ही आजच्या कर्जदाराची खरी कोंडी आहे.

कायदेवाचक

भीमथडी यांच्या मुद्द्याला जोडून मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागाकडे वळतो. खरे सांगायचे तर साध्या पगारदारासाठी आपल्याकडचा दिलासा फार तोकडा आहे.

२०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असलेल्या माणसाला 'नवी सुरुवात' म्हणून कर्जातून मोकळे करण्याची प्रक्रियाही त्यात लिहिलेली आहे. परंतु व्यक्तींचा हा भाग डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे उद्योगपतीच्या हमीपत्राची व्यवस्था झाली आणि चाकणचा पर्यवेक्षक ब्रिटिश अमदानीतल्या कायद्यांवरच राहिला. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा नादारी कायदा आहे. त्यांखाली नादार ठरल्यावर विनातारण धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे लागता येत नाही हे खरे. पण मालमत्ता न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे जाते, प्रक्रिया लांबते, आणि नादार हा शिक्का आपल्या समाजात माणसाला फार जड जातो. मी हा मार्ग पहिला म्हणून कोणालाही सुचवणार नाही.

तरीही घाबरलेल्या माणसाला एवढे ठाऊक असावे की हुकूमनामा झाला तरी सर्व काही जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांना संरक्षण आहे. धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, तेही जप्त करता येत नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात.

ठेवीदार_नगर

कायदेवाचक, कर्ज असे माफ होऊ लागले तर प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्याने काय करावे? शेतीच्या कर्जमाफीत आम्ही हेच पाहिले. २०१७ ची योजना झाली, २०१९ ची झाली, आणि नियमित भरणारे शेतकरी दर वेळी विचारायला आले की आमचे काय चुकले. मला त्यांना उत्तर देता आले नाही.

कायदेवाचक

आपला प्रश्न रास्त आहे. सरसकट माफी आणि नादारीची प्रक्रिया यांत मात्र मोठा फरक आहे. माफीत सरकार एक तारीख ठरवते आणि प्रत्येकाची परिस्थिती तपासत नाही. नादारीत माणसाला आपली सारी मालमत्ता न्यायालयासमोर मांडावी लागते, काही लपवले असेल तर शिक्षा होते, आणि जे देता येण्यासारखे आहे ते सर्व धनकोंमध्ये वाटले जाते. ठेवीदारालाही यातून वसुली कंपनीपेक्षा अधिक स्वच्छ हिशोब मिळेल.

न्यूजर्सीकर

मी अमेरिकेत राहतो. येथे १९७७ पासून वसुली कंपन्यांसाठी वेगळा केंद्रीय कायदा आहे. कंपनीने पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत कर्जाचा तपशील लेखी द्यावा लागतो, आणि कर्जदाराने ३० दिवसांत लेखी हरकत घेतली तर कर्ज खरे असल्याचा पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. 'मला संपर्क करू नका' असे लेखी कळवण्याचा हक्कही आहे, मात्र त्यानंतर ते दावा लावू शकतात.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाशी संबंधित गोष्ट अशी की कर्ज कमी करून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांनी फोनवरून ग्राहक गाठून येथे इतका धुमाकूळ घातला, की २०१० मध्ये नियम करून त्यांना तडजोड होण्यापूर्वी शुल्क घेण्यास बंदी करावी लागली. आगाऊ पैसे मागणाऱ्या आपल्याकडच्या कंपनीकडेही मी त्याच नजरेने पाहीन.

रेवा_बडोदे

न्यूजर्सीकर यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्या नणंदेने अशाच एका कंपनीला शुल्क भरले. त्यांनी तिच्या नावाने बँकेला एक साचेबंद ईमेल पाठवला आणि मग फोन उचलणे बंद केले. बँकेशी बोलणी शेवटी तिने स्वतःच केली.

कृष्णाकाठचा_प्रवासी

'सगळे हप्ते आजच थांबवा' या सल्ल्यात आणखी एक धोका आहे, तो येथे कोणी सांगितला नाही. कर्ज थकणे गुन्हा नसला तरी धनादेश न वटणे हा धनादेशांविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली गुन्हा आहे आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता अपुऱ्या शिलकीमुळे परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तशीच कारवाई होऊ शकते. नोटीस आल्यावर १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर तक्रार दाखल होते. ॲपचे कर्ज जो भरतो आहे त्याला ते बंद करायला सांगणारा माणूस त्याचा हितचिंतक नव्हे.

वैनगंगा

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझे यजमान गेले तेव्हा त्यांच्या नावावर वैयक्तिक कर्ज होते. तेराव्याच्या आधीच वसुलीचे फोन सुरू झाले आणि 'आता मुलाने भरायचे' असे सांगण्यात आले. माझा मुलगा तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. घाबरून दागिने मोडायला निघाले होते, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातील वकीलबाईंनी समजावले की वारसाची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य म्हणून त्याच्याकडून वसुली करण्याची जुनी वाट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने बंद केली आहे. त्यांनी बँकेला एक पत्र लिहिले आणि फोन थांबले. ही सेवा मला विनामूल्य मिळाली. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

हे मी सर्वांना आवर्जून सांगते, कारण त्या दिवसांत माणूस विचार करण्याच्या अवस्थेत नसतो आणि समोरच्याला ते ठाऊक असते.

शब्दसंग

वैनगंगाताई, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत.

आणखी एका सापळ्याबद्दल. जुन्या कर्जाचे फोन येतात तेव्हा 'निदान ५०० रुपये तरी भरा, सद्भावना म्हणून' असा आग्रह होतो. मुदत कायद्याप्रमाणे विनातारण कर्जासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. त्या आत लेखी कबुली दिली किंवा नोंद होईल असा काही भरणा केला तर मुदत नव्याने मोजली जाऊ शकते. मुदत संपल्यानंतरही 'मी हे फेडीन' असे सही करून लिहून दिले तर करार कायद्याच्या कलम २५ खाली ते बंधनकारक होते. मुदतीचा आधार घेऊन कर्ज बुडवावे असे मी म्हणत नाही. परंतु कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कशासाठी आहे हे समजून घ्यावे.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागार कंपनीला नकार कळवला आहे. भावाकडे आता दोन नव्या गोष्टी आल्या आहेत. लोकअदालतीत हजर राहण्याची एक सूचना आली आहे, तिचे स्वरूप पाहून घरातले सर्व जण धास्तावले आहेत. आणि वसुली कंपनीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर ६० टक्क्यांत प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव पाठवला असून पैसे आजच्या आज एका यूपीआय क्रमांकावर मागितले आहेत. सासरे दागिना मोडून पैसे द्यायला तयार झाले आहेत. काय करावे?

ध्वनी_पुणे

त्या क्रमांकावर एक रुपयाही पाठवू नये. तडजोडीचे पैसे नेहमी बँकेच्या कर्जखात्यातच भरावेत. 'आजच्या आज' हा शब्द आम्हाला शिकवलेला असतो. उद्याही प्रस्ताव बहुधा तोच असतो, आणि तिमाहीच्या अखेरीस अधिक चांगला मिळण्याची शक्यता असते.

कायदेवाचक

लोकअदालतीच्या सूचनेला घाबरू नये. दावा दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणात ते तडजोडीचे निमंत्रण असते, अटकेचा हुकूम नव्हे. तेथे दोन्ही बाजूंची संमती असेल तरच निवाडा होतो. मात्र सही केल्यावर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि त्याविरुद्ध अपील नसते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मान्य करावा. माझ्या मते भावाने तेथे जरूर जावे; बँकेच्या अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलण्याची ही चांगली संधी आहे.

त्याआधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्यात नोकरी गेल्याचा आणि नव्या पगाराचा पुरावा जोडावा, दरमहा किती भरता येईल ते स्पष्ट लिहावे, खात्याचा संपूर्ण उतारा मागावा, आणि सासऱ्यांना व वरिष्ठांना आलेल्या फोनच्या तारखा, वेळा व क्रमांक देऊन ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाचा उल्लेख करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. घरी येऊन धमकावले तर लोकपालाची वाट न पाहता पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली तक्रार द्यावी.

तडजोड ठरलीच तर पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र हवे. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख आणि 'ही रक्कम मिळाल्यावर काहीही येणे उरणार नाही' हे वाक्य असावे. रक्कम कमी करून मिटवलेले खाते पतअहवालात 'सेटल्ड' असे दिसते, पूर्ण फेडल्यासारखे नव्हे, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार त्या बँकेकडून किमान १२ महिने नवे कर्ज मिळणार नाही. भावाला पुढे घरासाठी कर्ज घ्यायचे असेल तर ६० टक्क्यांच्या तडजोडीऐवजी व्याज गोठवून मुद्दल हप्त्यांनी फेडण्याचा प्रस्ताव मी आधी मांडेन.

ठेवीदार_नगर

कायदेवाचक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. संचालक म्हणून माझ्यासमोर उत्पन्नाचा पुरावा आणि हप्त्याचे वेळापत्रक घेऊन आलेला कर्जदार मी कधीही परत पाठवला नाही. सासऱ्यांना दागिना मोडू देऊ नका.

मुळाकाठ

ईमेलचा मसुदा आज रात्री भाऊ आणि मी मिळून लिहितो. लोकअदालतीची तारीख पुढच्या शनिवारी आहे, मी त्याच्याबरोबर जाणार आहे. तेथे नेण्याच्या कागदांत आणखी काही राहिले असेल तर कृपया सांगावे.

गोदातीर

पगारपत्रकांबरोबर घरभाडे आणि मुलांच्या शाळेच्या शुल्काच्या पावत्या न्याव्यात, म्हणजे हप्त्याची रक्कम का कमी मागतो आहोत ते दाखवता येईल. सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांचा पूर्ण पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आत्ताच काढून ठेवावा आणि हप्ते फिटल्यावर पुन्हा काढून ताडून पाहावा. नोंद चुकीची राहिली आणि तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागता येते.